साहेब गेल्यावर

आमच्या सातबाऱ्यावर दोन अंकांची अदलाबदल झाली होती. हस्तलिखित उताऱ्यावर क्षेत्र होतं ० हेक्टर ८१ आर, म्हणजे दोन एकर. संगणकावरच्या उताऱ्यात तेच ० हेक्टर १८ आर झालं. दोन एकरांचे अठरा गुंठे! वडील महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना या चुकीचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. "लेखनप्रमाद आहे. कलम १५५ खाली अर्ज टाक, दुरुस्त होतो," एवढंच म्हणाले. अर्ज टाकला, पोच घेतली, आवक क्रमांक डायरीत लिहून ठेवला. दुरुस्ती व्हायला अकरा महिने लागले. तोवर वडील राहिले नाहीत.

त्यातले दहा महिने माझी फाईल सापडत नव्हती. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी उर्मटपणे बोललंही नाही. १५५ च्या टेबलावरचा तरुण दर वेळी उठायचा, कपाटावरचे गठ्ठे खाली काढायचा, धूळ झटकायचा, टेबलाखाली वाकून बघायचा आणि घामाघूम होऊन सांगायचा, "काका, सोमवारी या." त्याच्याकडे त्या काळात निवडणुकीचं काम होतं, टंचाईचं होतं, एका योजनेच्या अर्जांची छाननी होती. फाईल आहे, पण कुठे आहे ते माहीत नाही, अशी त्याची अवस्था. चौथ्या फेरीला मला त्याची दया यायला लागली होती.

अकराव्या महिन्यात गेलो तेव्हा त्या टेबलावर एक नव्या ताई होत्या. वय तिशीच्या आसपास, पद महसूल सहायक. त्यांनी आवक क्रमांक विचारला, कार्यविवरण नोंदवही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मागच्या मांडणीवरून एक गठ्ठा ओढला. वरून सातवी फाईल माझी होती. मंडळ अधिकाऱ्यांच्या अहवालासाठी ती थांबलेली होती आणि अहवाल येऊन पडला होता, फक्त फाईलला लागला नव्हता. त्यांनी तो तिथेच लावला, टिपणी लिहिली, साहेबांकडे सादर केली. भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिलं, चार मिनिटं झाली होती. पुढच्या पंधरवड्यात आदेश निघाला.

या चार मिनिटांमागे काय होतं, ते शोधायला मी नंतर त्या कार्यालयात पुन्हा पुन्हा गेलो, वडिलांची जुनी कागदपत्रं चाळली, जे वाचायला मिळालं ते वाचलं. कारण मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. आपल्याकडे कार्यालयं सुधारतात, हे मी पाहिलेलं आहे. एखादे साहेब येतात, वर्षा-दोन वर्षांत कायापालट होतो, वर्तमानपत्रात फोटो येतात. मग साहेबांची बदली होते आणि सहा महिन्यांत गठ्ठे परत कपाटावर चढतात. असं का होतं? आणि कधीकधी एखादं टेबल तेवढं का टिकून राहतं?

ताईंच्या मागची मांडणी मी नीट पाहिली. लोखंडी रॅक, त्यावर सहा गठ्ठे, प्रत्येकाला पुठ्ठ्याची पट्टी आणि पट्टीवर ठसठशीत अक्षरं. प्रलंबित प्रकरणे. प्रतीक्षाधीन प्रकरणे. नियतकालिके. स्थायी आदेश संचिका. अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे. नष्ट करायची प्रकरणे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याला ही यादी पाठ असते. ही सहा गठ्ठे पद्धत. टेबलावर येणारा कोणताही कागद या सहांपैकी एकात बसलाच पाहिजे, सातवी जागा नाही. काम मलाच करायचं असेल तर प्रलंबित. मी माझं काम केलंय आणि दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय, तर प्रतीक्षाधीन. दर महिन्याला, दर तिमाहीला पाठवायचं विवरणपत्र असेल तर नियतकालिक. पुन्हा पुन्हा लागणारा शासन निर्णय किंवा परिपत्रक असेल तर स्थायी आदेश. काम संपलं असेल तर अभिलेख कक्ष. आणि वर्षानंतर ज्याचा काही उपयोग नाही ते नाश करायला.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण यातली खरी कळ पहिल्या दोन गठ्ठ्यांत आहे. प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन एकत्र ठेवले की कारकुनाला समोरचा डोंगर एकसारखाच दिसतो आणि त्यात आपल्या हातचं किती, दुसऱ्याच्या हातचं किती हे कळत नाही. माझी फाईल दहा महिने अशाच एका मिश्र ढिगात होती. वेगळी केल्याबरोबर ताईंना कळलं की आपल्याकडे पंचेचाळीस फायली आहेत असं वाटत होतं, त्यांतल्या खऱ्या आपल्या बारा. बाकीच्यांना दर आठवड्याला एक स्मरणपत्र पुरे. बारा फायलींना माणूस भीत नाही.

अभिलेख कक्षाचीही अशीच शिस्त आहे. अ वर्गाचा कागद कायमचा, ब वर्गाचा तीस वर्षं, क वर्गाचा दहा वर्षं, क-१ चा पाच वर्षं, ड वर्गाचा एक वर्ष. गठ्ठ्यांची कापडं वेगवेगळ्या रंगांची : अ ला लाल, ब ला हिरवं, क ला पिवळं, ड ला पांढरं. दारात उभं राहून कुठला रंग जास्त आहे हे बघितलं की त्या कार्यालयाची प्रकृती कळते. पांढरे गठ्ठे छताला टेकले असतील, तर तिथे वर्षानुवर्षं कुणी ड वर्गाचे कागद नष्ट केलेले नाहीत. कचऱ्याखाली कामाचा कागद गाडला जातो तो असा.

ही पद्धत आज आलेली नाही, वडिलांच्या वेळीही होती. मग टेबलाटेबलावर ती का दिसत नाही?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना नगरचे जिल्हाधिकारी होते. आज त्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे. जिल्हाधिकाऱ्याने धरणं, रस्ते, रोजगार हमीची कामं बघावीत अशी तेव्हा अपेक्षा असे. लखिना यांनी स्वतःचं कार्यालयच सुधारायला घेतलं. वर्षानुवर्षं साचलेलं दप्तर उपसलं, ठेवायचं आणि टाकायचं वेगळं केलं, प्रत्येक कागदाला ठरलेली जागा दिली. बसण्याची व्यवस्था बदलली. कामाच्या पद्धती सोप्या करून लिहून काढल्या, म्हणजे एखादा कारकून रजेवर गेला तर दुसऱ्याला ते काम करता यावं. माणसं तीच होती, इमारत तीच, पगारही तेवढाच. तरी कार्यालय वेगळं दिसायला आणि वेगळं चालायला लागलं. त्याचं नाव पडलं लखिना पॅटर्न. बाहेरचे अधिकारी बघायला येऊ लागले आणि पुढे शासनाने इतर कार्यालयांनीही हे करावं असं ठरवलं.

आमच्या जिल्ह्यात पॅटर्न आला तो परिपत्रकातून. तो काळ मला आठवतो, मी तेव्हा शाळेत होतो आणि शनिवारी वडिलांचा डबा घेऊन कचेरीत जायचो. आधी भिंतींना पोपटी रंग लागला. मग टेबलांची तोंडं फिरवली. प्रत्येक टेबलावर नावाची पाटी आली. व्हरांड्यात कुंड्या आल्या. वरिष्ठांची भेट ठरली त्याच्या आदल्या दिवशी उरलेले सगळे गठ्ठे अभिलेख कक्षात कोंबले आणि दाराला कुलूप लावलं. भेट छान झाली. दोन महिन्यांनी एका जुन्या निवाड्याची गरज पडली तेव्हा चार कारकून तीन दिवस त्या खोलीत धूळ खात बसले होते, त्यांत वडील होते. घरी येऊन नाक शिंकरताना रुमाल काळा व्हायचा. ते एवढंच म्हणाले होते, "नगरला सुरुवात कागदापासून केली. आपल्याकडे रंगापासून झाली."

या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. नगरच्या कार्यालयात जाऊन परतणाऱ्याला काय दिसत असेल? रंग, पाट्या, सरळ रांगेतली टेबलं. त्याच्या डोळ्यांना जे दिसत नसेल ते असं की प्रत्येक कारकुनाने आपलं दप्तर आपल्या हाताने उपसलं होतं. आपला कागद कुठे आहे हे त्याला आता माहीत होतं, त्यामुळे काम सोपं झालं होतं. दिसणाऱ्या गोष्टीचं परिपत्रक काढता येतं. न दिसणारी गोष्ट प्रत्येक कार्यालयाला नव्याने करावी लागते.

हा अनुभव फक्त आपल्या सरकारी कचेऱ्यांचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट नावाच्या गावी जनरल मोटर्सचा मोटारीचा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांचं इतकं वाकडं की रोज पाचांतला एक कामगार गैरहजर असे. अचानक संप, तक्रारींचे ढीग, कारखान्यात दारू. गाड्या इतक्या वाईट निघत की शेवटी १९८२ मध्ये कंपनीने कारखान्याला टाळं ठोकलं. मग टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला, नाव दिलं न्यूमी. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. कामगारांची संघटना तीच होती आणि नव्या कारखान्यातले सुमारे ८५ टक्के कामगार जुन्या कारखान्यातलेच होते. ज्यांना अमेरिकेतले सगळ्यांत वाईट कामगार म्हटलं जात होतं, तेच. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या बरोबरीला गेला.

काय केलं होतं? साडेचारशेच्या आसपास माणसांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला टोयोटाच्या कारखान्यात नेऊन काम दाखवलं. कामांच्या हद्दी आखणाऱ्या जुन्या वर्गवाऱ्या काढून टाकून लहान गट केले. आणि कामगाराच्या डोक्यावर एक दोरी टांगली. काही चुकतंय असं वाटलं की त्याने ती ओढायची. गटप्रमुख धावत येणार, काय अडलंय विचारणार आणि दोघांनी मिळून ते सोडवणार. वेळेत सुटलं नाही तर अख्खी साखळी थांबणार. जुन्या कारखान्यात साखळी थांबवणं हा गुन्हा होता. गाडीला चुकीचा भाग बसला तरी ती पुढे जाऊ द्यायची, नंतर अंगणात दुरुस्त करायची. नव्यात साधा कामगार साखळी थांबवू शकत होता. शिवाय करारात लिहून दिलं होतं की कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कुणाला कामावरून काढणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कमी होतील. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मागणी घसरली तेव्हा हा शब्द पाळला गेला. रिकाम्या कामगारांना घरी न पाठवता शिक्षण दिलं, डागडुजीला लावलं.

आणि पुढचा भाग तर आमच्या पोपटी भिंतींचीच गोष्ट. जनरल मोटर्सने हाच प्रयोग व्हॅन नाइस इथल्या आपल्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला. तिथेही गट केले. पण दोरी ओढून साखळी थांबवणाऱ्याला धन्यवाद देण्याची व्यवस्थापकांची तयारी नव्हती, त्यांचं मोजमाप दिवसाला किती गाड्या निघाल्या यावरच होत होतं. कामगारांचाही विश्वास बसला नाही. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. न्यूमी २०१० पर्यंत चालला. आज त्याच जागेत टेस्लाच्या गाड्या बनतात.

आपल्याकडची एक सुधारणा मात्र शंभर वर्षांच्या आसपास टिकून आहे. मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने गावच्या महसुली हिशेबांची नियमपुस्तिका केली. १ ते २१ गाव नमुने त्यातले. सात आणि बारा नंबरचे नमुने मिळून सातबारा, सहा नंबरचा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातेदाराची वही. इंग्रज गेले, मुंबई राज्य गेलं, महाराष्ट्र आला, १९६६ चा जमीन महसूल कायदा आला, संगणक आला. तलाठ्याचं नावही आता ग्राम महसूल अधिकारी झालं. नमुन्यांचे आकडे तेच आहेत. यात अँडरसनच्या नावाचा वचक नाही. एका नमुन्यातली नोंद दुसऱ्या नमुन्याशी ताडून बघता येते, चूक कुठे झाली ते गावातच बसून सापडतं आणि नव्या तलाठ्याला जुन्याचं दप्तर वाचता येतं. ज्याच्या हाती काम, त्याचं ते काम या नमुन्यांनी सोपं केलं. म्हणून ते पाळायला लावण्यासाठी कुणाला उभं राहावं लागलं नाही.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचं मला म्हणूनच कौतुक आहे, माझे दोन अंक उलटे झाले असले तरी. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. इतक्या हस्तलिखित पानांची नक्कल करताना चुका होणारच होत्या. २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली : गावात लोक जमवायचे, संगणकावरचा उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याचं शेत त्याने चूक असेल तर तिथेच सांगायचं. ज्यांच्यासाठी बदल करायचा त्यांनाच तपासनीस करणारी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या गावीही वाचन झालं, पण त्या दिवशी वडील दवाखान्यात होते आणि मी शहरात. चूक राहिली ती आमच्या गैरहजेरीमुळे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे चार दिवस फिरणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. ते फिरणं संपलं.

पण हे संपवताना तलाठ्यांचं काय झालं, याचीही नोंद व्हायला हवी. सर्व्हरचा वेग ही त्यांच्या संघटनेची त्या वर्षांतली मोठी तक्रार होती. नोंद भरायला बसावं आणि चक्र फिरत राहावं. गावकऱ्यांचा राग समोरच्या माणसावर निघायचा, सर्व्हरवर नाही. वरून येणाऱ्या बदलाची किंमत खालच्या माणसाने गुपचूप भरायची, असं आपण गृहीत धरतो. त्या किमतीचा हिशेब आधी मांडला असता तर निम्मा विरोध झालाच नसता, असं मला ठामपणे वाटतं.

कायद्यांचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण कायदे चांगले आहेत. अण्णा हजारेंच्या आंदोलनातून आलेला बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देतो आणि विनाकारण टाळणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड ठेवतो. पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये झिरो पेंडन्सीची मोहीम चालवली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, राज्य सरकारने शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम राबवला आणि कार्यालयांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडून, करून घेतलं. यातलं काहीही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण दंडाच्या भीतीने फाईल सातव्या दिवशी टेबलावरून हलते, ती कुठे जाते? बऱ्याचदा एक निरर्थक त्रुटी काढून अर्जदाराकडे परत जाते. तारीख पाळली जाते, काम होत नाही.

परत ताईंच्या टेबलापाशी येतो. मी विचारलं, की बाकीच्या टेबलांवर असे गठ्ठे दिसत नाहीत, तुमच्याकडेच कसे?

त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या शाखेत असताना तिथे एक तहसीलदार होते. पाच दिवसांचा आठवडा सुरू झाल्यापासून शनिवार सुट्टीचा. त्यांनी सलग पाच शनिवार सगळ्यांना बोलावलं आणि स्वतः सतरंजीवर बसून प्रत्येक टेबलाचं दप्तर वेगळं करायला लावलं. जेवण साहेबांकडून. पाचव्या शनिवारी ट्रॅक्टरभर ड वर्गाचे कागद यादी करून निघाले. वर्षभराने साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना वेगळ्या गोष्टीत रस होता, त्यात काही गैर नाही. हळूहळू एकेक टेबल पूर्वपदाला गेलं. ताईंनी ठेवलं. शाखा बदलली तेव्हा नव्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी आधीच्या माणसाचा ढीग सहांत वाटला, त्यातच माझी फाईल निघाली.

"का ठेवलंत?"

"सव्वासहाला सुटते कचेरी. सहा चाळीसची एसटी आहे, ती गेली की आठची. मुलगा पाळणाघरात असतो. दादा, फाईल शोधण्यात रोजचा तास जात होता माझा. तो तास वाचला म्हणून मला ती गाडी मिळते."

मला ज्या उत्तराची गरज होती ते हे. सहा चाळीसची एसटी. त्या तहसीलदारांच्या सगळ्या टेबलांपैकी ज्या टेबलावर वाचलेला तास त्या माणसाच्या पदरात पडला, तिथे सुधारणा राहिली. इतरांचं काय झालं तेही ताईंनीच सांगितलं. ज्यांचं काम लवकर उरकायला लागलं, त्यांच्याकडे लगेच दुसऱ्या रिकाम्या पदाचा कार्यभार आला. शहाणा माणूस मग काय शिकतो? फायली संपवायच्या नाहीत, कपाटावर ढीग दिसत राहू द्यायचा. ढीग हीच त्याची ढाल होते. मी त्याला आळशी म्हणायला तयार नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या टेबलासमोरच्या बाकावर बसून मोजली. एका दुपारी ताईंच्या मोबाइलवर कार्यालयाच्या वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून माहितीच्या पाच मागण्या आल्या. त्यांतल्या तीन जवळपास एकाच विषयाच्या होत्या. प्रांत कार्यालयाचं प्रपत्र वेगळं, जिल्ह्याचं वेगळं, एका मंडळाचं आणखी वेगळं. प्रत्येकाखाली लिहिलेलं : तातडीचे, आजच, निरंक असल्यास निरंक कळवावे. समोर एक आजोबा रेशनकार्डाची झेरॉक्स हातात घेऊन उभे होते. ताईंनी आधी आजोबांचं काम केलं, मग प्रपत्रं भरली. कुणी आधी प्रपत्रं भरली असती तर त्याला दोष देता आला नसता, कारण कानउघाडणी प्रपत्रासाठी होते, आजोबांसाठी होत नाही.

म्हणून ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांच्याकडे माझं मागणं आहे. नवीन नोंदवही, नवीन पोर्टल, नवीन प्रपत्र सुरू करायचं असेल तर त्याच आदेशात जुनं कोणतं बंद होतंय ते लिहा. बंद करण्यासारखं काही सापडत नसेल तर नवं सुरू करू नका. ज्याने दप्तर चोख केलं त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा ढीग टाकू नका, निदान वर्षभर तरी. आणि नव्या ठिकाणी चार्ज घेतल्यावर पहिल्या महिन्यात आधीच्या साहेबांचं काहीही मोडू नका. प्रत्येक टेबलापाशी जाऊन उभ्या-उभ्या विचारा, की गेल्या साहेबांनी सुरू केलेल्यातलं कशाने तुमचं काम हलकं झालं आणि कशाने वाढलं. कारकून खरं सांगतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

वडील गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. त्यात सेवापुस्तकाची दुय्यम प्रत होती, चौतीस वर्षांच्या नोकरीची. रजा, वेतनवाढी, बदल्या, पडताळणीच्या सह्या. एका पानावर लाल शाईने एक ताकीद होती, विवरणपत्र दोन दिवस उशिरा पाठवल्याबद्दल. चांगल्या कामाची एकही नोंद नव्हती. ट्रंकेच्या तळाशी एक पुठ्ठा होता, त्यांच्या टेबलाच्या खणात आतून चिकटवलेला असायचा तो. दर महिन्याच्या कोणत्या तारखेला कोणतं नियतकालिक जायचं याची बारीक अक्षरातली यादी, त्याखाली दर जानेवारीत ड वर्गाचे किती कागद यादी करून नष्ट केले त्याचे आकडे. शेवटचा आकडा निवृत्तीच्या वर्षाचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासलं नव्हतं. त्यांच्या टेबलावरची फाईल मात्र कधी हरवली नाही, हे त्या कचेरीतले जुने लोक अजून सांगतात.

वाचकांनो, काम अडलं की आपण तक्रार करतो आणि ती केलीच पाहिजे. अपील करा, सेवा हक्क आयोगापर्यंत जा. पण एखाद्या टेबलावर तुमचं काम वेळेत, नीट झालं, तर एका साध्या कागदावर चार ओळी लिहा : कोणतं कार्यालय, कोणतं टेबल, काय काम होतं, किती दिवसांत झालं. कार्यालयप्रमुखाच्या नावाने आवक शाखेत द्या आणि पोच मागून घ्या. त्याला आवक क्रमांक पडतो आणि तो कागद दप्तरात राहतो. ताईंसाठी मी असं पत्र गेल्या महिन्यात दिलं. त्याची पोच माझ्याकडे आहे, वडिलांच्या पुठ्ठ्याबरोबर ट्रंकेत ठेवली आहे.